तेल गेलं कुठं?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वेग’ हा विषय दिला. वेगाबद्दल उत्साहानं लिहिणारे पुष्कळ भेटतील, आपण थांबण्याची बाजू धरावी, असं मनात आलं आणि मी अमरगोळची वाट धरली.

अमरगोळ म्हणजे हुबळी आणि धारवाड या जोडशहरांमधलं, जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यालगतचं गाव. १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एक महापालिका झाली. आता गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही. देवळांच्या वेडापायी हिंडणाऱ्यांना इथलं चालुक्यकालीन शंकरलिंगाचं देऊळ ठाऊक असतं. बाकीच्यांच्या लेखी अमरगोळ म्हणजे एपीएमसी यार्ड. कांदा, मिरची, कापूस, मूग. दसरा-दिवाळीच्या सुमारास कांद्याच्या गाड्या आत शिरायला लागल्या की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. या गाड्यांत कोल्हापूर, सांगली, सोलापूर पासिंगच्याही असतात, आणि त्यांतल्या निम्म्याशिम्म्या तरी वयानं प्रौढ. नवी गाडी लांबच्या फेऱ्या मारते. बाजार, गोदाम आणि शे-दीडशे किलोमीटरचा टापू जुनीच्या वाट्याला येतो. जुन्या गाड्या जिथे थांबतात तिथे मिस्त्री असतोच.

गाडी तेल पीत नाही

पत्र्याच्या शेडखाली एक ४०७ मालवाहू गाडी घोडीवर चढवलेली होती. मागचं डावं चाक काढून बाजूला निजवलेलं. निपाणीकडचा ड्रायव्हर उकिडवा बसून मिस्त्रीला सांगत होता, ‘‘ब्रेक ऑइल लई प्यायला लागलीया. आठवड्याला बाटली वततोय.’’

मिस्त्री धारवाडी वळणाच्या मराठीत म्हणाला, ‘‘ब्रेकचं तेल गाडी पीत नसती, मामा. जातंय कुठं तेवढं बघायचं.’’

सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. डिझेल जळण्यासाठीच असतं. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, तेही समजण्यासारखं आहे. ब्रेक ऑइल मात्र खर्चाची वस्तूच नाही. पायाखालच्या पेडलने मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलायचा, त्याने नळ्यांतलं तेल दाबायचं, त्या दाबाने चाकातल्या छोट्या सिलिंडरचे दोन दट्टे बाहेर येऊन लायनरचे बूट ड्रमला भिडवायचे, आणि पाय उचलला की सगळ्यांनी आपापल्या जागी परत जायचं. बंद नळीतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. मोटारीला ते लागू व्हायला विसावं शतक उजाडलं. या मांडणीत तेल कुठेही खपत नाही. पुढे डिस्क ब्रेक असतील तर पॅड झिजतात तसं टाकीतलं तेल थोडं खाली उतरतं, तेवढाच काय तो अपवाद. ड्रमच्या गाडीत आठवड्याला बाटली लागत असेल तर आठवड्याला एक बाटली रस्त्यावर सांडते आहे किंवा, त्याहून वाईट म्हणजे, लायनरवर.

तरीही ‘जरा तेल टाक’ हा उपाय इतका अंगवळणी पडलाय की स्पेअर पार्टच्या प्रत्येक दुकानात पाव लिटरच्या बाटल्या गल्ल्याजवळ मांडलेल्या दिसतात. दुकानदाराचा दोष नाही. दुखणं न बघता औषध मागणारं गिऱ्हाईक कुठल्याही धंद्याला गोडच लागतं.

इथे एक खुलासा. तेलाचे ब्रेक हे हलक्या ट्रकांचं आणि काही मध्यम गाड्यांचं काम. दहा-बारा चाकी ट्रक हवेवर थांबतो. तिथे ब्रेकसाठी तेल नसतं, कॉम्प्रेसर आणि हवेच्या टाक्या असतात. ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या एबीएसचं जाळं आपल्याकडे आधी या हवेच्या जड ट्रकांत पसरलं. म्हणून तेलाची गळती आणि एबीएसचा दिवा ही दोन दुखणी अमरगोळात बहुधा शेजारी उभ्या असलेल्या दोन वेगळ्या गाड्यांची असतात. अलीकडच्या पिकअपमध्ये मात्र ती एकाच गाडीत नांदू लागली आहेत.

पायाला काय कळतं

पाना हातात घेण्याआधी मिस्त्री गाडीत चढला. इंजिन बंद ठेवून चार-सहा वेळा पेडल मारलं, मग दाबून धरलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं. पेडल किंचित खाली गेलं. म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. ते दगडासारखं घट्ट राहिलं असतं तर शोध बूस्टर आणि व्हॅक्यूम पंपाच्या दिशेने गेला असता.

पुढचा भाग मला सर्वांत आवडला, कारण त्याला कसलंही यंत्र लागत नाही. पहिल्या दाबाला पेडल खोल गेलं आणि लगेच दुसऱ्यांदा मारल्यावर वर आलं, तर बहुधा बूट आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलंय. लायनर ॲडजस्ट करा. पेडल मऊ, स्पंजासारखं लागलं तर नळीत हवा शिरलीय. तेल दबत नाही, हवा दबते. आणि पाय एकाच जोराने ठेवून धरला असता पेडल हळूहळू तळाकडे चाललं, तर दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर ओल असेल तर गळती, कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतलं वाशर थकलंय आणि तेल आतल्या आत मागे सरकतंय. टाकीतली पातळी जागच्या जागी आणि पेडल मात्र तळाला, या कोड्याचं उत्तर हेच.

इथे घाई नडते. उत्साही हेल्पर पेडल मऊ लागलं की आधी हवा काढायला बसतो. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने चाकामागची निपल सैल करायची, बुडबुडे संपेपर्यंत. पेडल छान घट्ट होतं, गाडी जाते आणि चार दिवसांत परत येते. हवा आपोआप शिरत नाही. जिथून तेल बाहेर येतं तिथून, नाहीतर कोरडी होऊ दिलेल्या टाकीतूनच ती आत जाते. वाट बंद न करता हवा काढणं म्हणजे निव्वळ मजुरी.

ओल एकीकडे, दुखणं दुसरीकडे

आता चाकाकडे. ड्रम हातोडीने ठोकून काढला तेव्हा आतली काळी भुकटी ओली होऊन चिखलासारखी साचली होती. लायनर चकाकत होतं. ‘‘तेल आलंय,’’ ड्रायव्हर म्हणाला. मिस्त्रीने विचारलं, ‘‘कुठलं?’’

चाकाजवळ निदान तीन तेलं गळू शकतात. मागच्या ॲक्सलमधलं गिअर ऑइल, हबमधलं गरमीने पातळ झालेलं ग्रीस आणि ब्रेक ऑइल. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ, बोटांना निसरडं, आणि त्याची मुख्य खूण म्हणजे ते पाण्यात मिसळतं. मिस्त्रीने बोटावरचा ओशटपणा पत्र्याच्या तुकड्यावर पुसला आणि बाटलीतलं पाणी शिंपडलं. पाण्याचे थेंब वेगळे उभे राहिले नाहीत, सगळं एकजीव होऊन ओघळलं. मग त्याने व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने किंचित उचलली. आतून टपकन थेंब पडला. टोपीच्या आत नुसता दमटपणा असणं वेगळं. थेंब पडला की वाशर गेलं.

गिअर ऑइल निघालं असतं तर काम वेगळंच. तेव्हा सील बदलतात, आणि काही दिवसांनी नवं सीलही गळतं. कारण ॲक्सलच्या माथ्यावर हवा खेळायला एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला की आतली तापलेली हवा कोंडते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. सापडायला सोपी, सुटायला अवघड गळती अशी असते.

सर्वांत लबाड गळती मास्टर सिलिंडरच्या मागच्या वाशरची. तिथून निसटलेलं तेल बाहेर ठिपकतच नाही, बूस्टरच्या पोटात साठतं. चारही चाकं कोरडी, नळ्या कोरड्या, जमिनीवर डाग नाही, आणि टाकी मात्र उतरतेय. अशा वेळी मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो थोडा पुढे ओढायचा आणि मागे बोट फिरवायचं. बूस्टरच्या वरच्या अंगाचा रंग फुगून सुटलेला दिसला तरी समजायचं. ब्रेक ऑइल रंग खातं. काही गाड्यांत क्लचही त्याच टाकीतून तेल घेतो, तिथे सगळी चाकं तपासून झाल्यावर खरा चोर क्लचच्या सिलिंडरमध्ये सापडतो.

रबरी होजची कथा उलटी आहे. ती कधीकधी गळत नाही, आतून फुगते. दाबाने तेल पुढे जातं, पाय उचलल्यावर परत यायला वाट राहत नाही, आणि ते एक चाक ब्रेक धरून बसतं. ड्रम तापतो, ड्रायव्हर म्हणतो, लायनर जास्त आवळलंय.

सिलिंडर उघडल्यावर आतल्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे दिसले. पावसाळाभर पाण्यातून गेलेल्या गाडीत हे ठरलेलंच. मालकाचा फोनवरून आग्रह होता, नुसतं किट टाका. किट म्हणजे वाशर आणि टोप्या. मिस्त्रीने नकार दिला. खड्ड्यांवर नवं वाशर फिरलं की ते सोलून निघतं. अख्खा सिलिंडर बदलायचा ठरला, आणि दोन्ही बाजूंचा, कारण डावं चाक धरतं आणि उजवं धरत नाही अशी गाडी ओल्या रस्त्यावर आडवी होते. तेलाने भिजलेलं लायनरही फेकायचं. पेट्रोलने धुऊन, जाळून, घासून ते वापरणारे आहेत. वरून कोरडं दिसतं, तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं.

धुण्यावरून आठवलं. ब्रेकचं रबर डिझेल-रॉकेलमध्ये धुवायचं नाही, हा नियम सगळे सांगतात आणि निम्मे मोडतात. खनिज तेल लागलं की हे रबर फुगतं. या शेडमध्ये वाटीत थोडं नवं ब्रेक ऑइल घेऊन त्यातच वाशर बुडवून बसवलं. तेवढ्यावरून मी त्या माणसाला शंभरपैकी नव्वद गुण देऊन टाकले.

एका गोष्टीबद्दल मात्र त्यालाही टोकलं पाहिजे असं वाटलं. वाटेत सिलिंडर फुटला तर त्या चाकाची नळी पक्कडीने चेपून, दुमडून बंद करायची आणि उरलेल्या तीन चाकांवर घर गाठायचं, ही युक्ती त्याने कौतुकाने सांगितली. रिकामी गाडी, रांगत, जवळच्या गॅरेजपर्यंत, एवढ्यापुरतं ठीक. पण चेपलेल्या नळीने भरून धावणाऱ्या गाड्या त्यानेच पाहिल्या होत्या.

घाटात उकळतं, सकाळी निवतं

आता गळतीच नसलेली गोष्ट. हुबळी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच आहे. इथून यल्लापूरमार्गे अंकोल्याला जाताना अरबैलचा घाट उतरावा लागतो. उत्तरेला निघालात तर निपाणीजवळ तवंदी, पुढे खंबाटकी, कात्रज. घाटात पाय सतत ब्रेकवर ठेवणाऱ्या ड्रायव्हरचं पेडल एकाएकी तळाला जातं. कसाबसा तो गाडी थांबवतो. रात्र काढतो. सकाळी पेडल जसंच्या तसं! मिस्त्री चाकं उघडतो, सगळं कोरडं. ‘काही नाही झालं, तुमचा भास,’ म्हणून गाडी सुटते.

भास नसतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं कोरं तेल २०५ अंशांच्या खाली उकळू नये असं मानक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी आकडे २३० आणि १५५. तापलेल्या ड्रमजवळच्या सिलिंडरमध्ये पाणी मुरलेलं तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल होतं आणि पुरावा नाहीसा होतो. गळती शोधून सापडणार नाही. तेल शेवटचं कधी बदललं हे विचारलं पाहिजे. तेल वरून टाकत राहणं आणि जुनं काढून नवं भरणं यांतला फरक इथे जिवावर बेततो. झाकण उघडं राहिलेली अर्धी बाटली सहा महिन्यांनी वापरणाऱ्यानेही हे लक्षात घ्यावं.

बाकी घाटातला प्रत्येक ‘ब्रेक फेल’ यंत्राच्या माथी मारता येत नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने ४८ गाड्यांना धडक दिली. आधी ब्रेक निकामी झाल्याचं बोललं गेलं. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं ते ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद केल्याचं. डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं की हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो, टाकीत साठलेली हवा दर दाबाला कमी होत जाते, आणि गिअरमध्ये इंजिनाचा जो अडसर मिळतो तोही जातो. चढताना जो गिअर लागला, त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ड्रायव्हर सांगत आलेत.

पिवळा दिवा

शेजारी उभा होता बारा चाकी. त्याला थांबण्याची अडचण नव्हती. सात-आठ किलो हवा भरत होती, साबणाचं पाणी लावून बघितलं तर जोडांवर बुडबुडे नव्हते. फक्त डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा विझत नव्हता.

एबीएस काय करतं? जोरात ब्रेक मारल्यावर चाक जागीच थांबलं आणि गाडी घसरत राहिली तर स्टिअरिंग फिरवूनही उपयोग नसतो. म्हणून हबवर दात्यांची एक रिंग, तिच्यासमोर सेन्सर. दाता समोरून गेला की सेन्सरमध्ये वीज लहरते. लहरी एकाएकी थांबू लागल्या की कंट्रोल युनिट समजतं, हे चाक आता अडकणार. ते त्या चाकाच्या व्हॉल्व्हला सांगून ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं, पुन्हा देतं, सेकंदात अनेकदा. मोटारीत हे १९७८ साली आलं, ट्रकमध्ये १९८१ साली, तेही युरोपात. आपल्या जड ट्रकांना ते सरसकट सक्तीचं झालं २०१५ मध्ये. म्हणजे पहिल्या खेपेचे एबीएसवाले ट्रक आता दशकभराचे झाले, आणि लांबच्या फेऱ्यांतून सुटून अमरगोळसारख्या बाजारांत उतरलेत. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सुटलेलं, स्कॅनर सगळ्यांकडे नाही. पत्र्याच्या शेडसमोर नवं काम येऊन उभं आहे ते असं.

बिघाड बहुतेकदा क्षुल्लक असतो. लायनर बदलताना किंवा हबचं ग्रीस करताना सेन्सर मागे सरकतो. तो स्प्रिंगच्या क्लिपमध्ये घट्ट बसलेला असतो. हाताने दाबून रिंगेला टेकवायचा, चाक फिरलं की आपलं अंतर आपणच राखतो. मिलिमीटरभराहून जास्त फट झाली तर लहर पोचत नाही. हातोडीने ठोकणारे सेन्सर फोडतात. रिंगेच्या दात्यांत गंज आणि लायनरची भुकटी बसते. बेअरिंग सैल असेल तर गाडी उभी असताना सगळं ठीक, खड्ड्यातून जाताना दिवा लागतो. त्यामुळे एबीएसची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचं चाक वर उचलून आधी हलवून बघावं. इलेक्ट्रिशियनने हे सहसा केलेलं नसतं.

इथल्या इलेक्ट्रिशियनने केलं. मग मीटर काढला. सेन्सरच्या पिनांवर दीड हजार ओहमच्या आत-बाहेर, ठीक. चाक हाताने फिरवलं, मीटर एसी व्होल्टवर, काटा जिवंत. म्हणजे सेन्सर शाबूत. तीच मापं त्याने केबिनखाली, कंट्रोल युनिटकडच्या कनेक्टरवर घेतली. तिथे काहीच नाही. सेन्सर बोलतोय आणि ऐकणाऱ्याकडे आवाज पोचत नाही, मग राहिली फक्त मधली वायर. ॲक्सलजवळ वायर चासीला घासून तिचं आवरण गेलं होतं. आत तांब्याऐवजी हिरवा चुरा. तो तुकडा कापून, सोल्डर करून, नळी चढवून बांधला. नवा सेन्सर विकत आणायला निघालेल्या मालकाचे पैसे वाचले.

तेलाच्या गळतीतलं आणि या वायरीतलं तत्त्व एकच निघालं: दोन टोकांना माप घ्यायचं आणि मधे कुठे हरवतं ते बघायचं. पिकअपसारख्या तेलाच्या एबीएसमध्ये एक जादा कटकट आहे. टाकी कोरडी पडली तर हवा एबीएसच्या ठोकळ्यात अडकते. पेडल मारून ती निघेलच असं नाही, अनेक गाड्यांत स्कॅनरने आतले व्हॉल्व्ह उघडावे लागतात.

दिवा विझवणारे

दिवा विझवायचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो स्वस्त आहे. बल्ब काढून टाकायचा. किंवा एबीएसचा फ्यूज काढून दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडायची, म्हणजे तो शहाण्यासारखा लागतो आणि विझतो. ‘एबीएस नसलं तरी ब्रेक लागतोच की,’ हा यामागचा युक्तिवाद. तो खराही आहे. एबीएस बंद पडलं तरी साधा ब्रेक चालतो. म्हणूनच तर हा बिघाड वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. कोरड्या रस्त्यावर त्याची उणीव भासत नाही. पहिल्या पावसात, कांद्याने भरलेल्या गाडीसमोर कोणी आडवं आलं की भासते.

व्यावसायिक वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांतून एकदा, त्यानंतर दरवर्षी. यंत्राने तपासणी होते तिथे चाकं रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात, त्यामुळे नळी चेपलेली गाडी तिथे उघडी पडते. नुसत्या डोळ्यांनी आणि आवारात दहा पावलं चालवून पास होणाऱ्या गाडीचं मात्र काहीच कळत नाही. माझ्या मते जुन्या ट्रकच्या सुरक्षिततेतला सगळ्यात कच्चा दुवा मिस्त्री नाही, ड्रायव्हरही नाही. एका दिवसाची खोटी नको म्हणून ‘तेल टाक आणि सोड’ म्हणणारा मालक आणि त्याला घाई करणारा माल भरणारा, हे दोघं आहेत.

माल भरणाऱ्यांत आपणही येतो. घर बदलायला टेम्पो ठरवताना, दुकानाचा माल मागवताना भाड्याची घासाघीस सगळेच करतात. पुढच्या वेळी ड्रायव्हरला एवढंच सांगा, किल्ली फिरवून दाखव. एबीएस असलेल्या गाडीत पिवळा दिवा आधी लागला पाहिजे, मग काही सेकंदांत किंवा गाडी हलल्यावर विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही, तर ती गाडी घेऊ नका.